बाटलीचे २५ सेंट आणि उद्यमबागेतली मोड

जर्मनीत पाण्याची, एकदाच वापरायची प्लॅस्टिक बाटली घेतली की बिलात २५ सेंट अनामत वेगळी लागते. २००३ पासूनचा नियम. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की पावती निघते, ती काउंटरवर दिली की पैसे परत. बाटली चेपून मात्र नेऊ नका. बारकोड वाचता आला नाही तर यंत्र ती परत करतं. बिअरच्या काचेच्या बाटलीवर ८ सेंटच, पण ती वितळवत नाहीत, धुऊन पुन्हा पुन्हा भरतात. पर्यावरणाच्या दृष्टीने हे फार चांगलं, पण भरण्याचा कारखाना जवळ असेल तरच. जड काच शेकडो किलोमीटर ट्रकमधून फिरली की डिझेलच ती बचत खातं.

काच वितळवण्यात फायदा बेताचा. भट्टीत १० टक्के फुटकी काच वाढवली की ऊर्जा सुमारे ३ टक्के वाचते. अ‍ॅल्युमिनियमचं तसं नाही: बॉक्साइट या खनिजापासून नवं करण्यापेक्षा जुनं वितळवायला जवळपास ९५ टक्के कमी ऊर्जा लागते. म्हणून त्याला भंगारात कायम भाव. प्लॅस्टिकचा भाव कच्च्या तेलामागे फिरतो. तेल उतरलं की नवं प्लॅस्टिक स्वस्त पडतं आणि गोळा केलेल्याला गिऱ्हाईक मिळत नाही.

जर्मनीत दह्याच्या डब्याचं झाकण पूर्ण सोलून वेगळं टाकतात, कारण दोन्ही चिकटून गेले तर कचरा वेगळा करणाऱ्या यंत्राची निवड चुकते. डबा धुवायची गरज नाही, चमच्याने निपटला की पुरे. हे यंत्र प्लॅस्टिक ओळखतं ते अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी. काळं प्लॅस्टिक ते किरण शोषून घेतं, त्यामुळे यंत्राला ते बहुधा दिसतच नाही.

आपल्या बेळगावात उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्र्या मोड, म्हणजे लोखंडाचं भंगार, वितळवून ओतकाम करतात. पुनर्वापर पोट भरू शकतो, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. पण तिथेही सगळं निवडण्यावर अवलंबून. जस्ताचा पत्रा भट्टीत गेला की पांढरा धूर उठतो, तो छातीत गेला की कामगाराला ताप भरतो. अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, मिसळला तर ओतीव भागाला बारीक छिद्रं पडू शकतात आणि अख्खा भाग बाद होतो. सगळ्यांत धोक्याची ओली मोड आणि दोन्ही तोंडं बंद असलेली नळी. आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते, वितळलेलं लोखंड उसळतं, माणसं भाजतात.

म्हणून बीड, पत्रा, अ‍ॅल्युमिनियम घरीच वेगळं करा, रद्दी ओल्या कचऱ्यापासून लांब ठेवा. चिप्स-गुटख्याच्या चकचकीत पुड्यांत प्लॅस्टिक आणि धातूचे थर चिकटलेले असतात, भंगारवाला त्या घेणार नाही. त्या विकतच न घेणं बरं. गाडीचे जुने शॉक अ‍ॅब्झॉर्बर मात्र वेगळे बांधून, सांगून द्या. आत तेल आणि दाब असतो, घरी भोक पाडायला जाऊ नका.