सकाळी आंबट, संध्याकाळी सपक

गेला आठवडाभर मी रोज सकाळी उठल्या उठल्या गॅलरीत जाऊन पानफुटीचं पान चावतेय. घरच्यांना वाटलं हिला मुतखडा झाला की काय, कारण आमच्याकडे पानफुटी म्हटलं की सगळ्यांना तेवढंच आठवतं. पण नाही. बेंजामिन हेन म्हणून एक माणूस होता, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रासकडे झाडाझुडपांचा अभ्यास करायचा, त्याने 1813 साली एका पत्रातून कळवलं की या झाडाची पानं सकाळी चुक्यासारखी आंबट लागतात, दुपारी चवच नसते आणि संध्याकाळी जरा कडसर होतात. एवढा मोठा माणूस दिवसभर एकाच झाडाची पानं चघळत बसला होता हे वाचल्यावर मला राहवेना. (नखाएवढा तुकडा चावून थुंकायचा हं, पानफुटीत विषारी द्रव्यंही असतात. खरं तर तुम्ही करूच नका, मी केलंय ना.)

आणि खरंच आंबट लागलं की! दात आंबतील असं. संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर त्याच झाडाचं दुसरं पान चावलं तर एकदम सपक. कडू बिडू मला काही लागलं नाही, पण सकाळचा आंबटपणा मात्र गायब.

शाळेत आपल्याकडून घोकून घेतलेलं, पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर. ठीक आहे, पण त्या स्वयंपाकघराची खरी भानगड खिडक्यांची आहे हे तेव्हा डोक्यातच शिरलं नाही. हवेत कार्बन डायऑक्साइड असतो जेमतेम 0.04 टक्के, तो आत घ्यायचा तर पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, याच त्या खिडक्या, उघडायला लागतात, आणि ती उघडली की आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पळतं, आणि तेही आत आलेल्या वायूच्या कितीतरी पट. म्हणजे जेवायला तोंड उघडलं की घसा कोरडा. मग ज्याने त्याने आपापला जुगाड केलेला. आंब्याचं पान बघा, वरून चकचकीत मेणकापड आणि खिडक्या सगळ्या खालच्या अंगाला, सावलीत. आत वरच्या बाजूला हिरव्या पेशी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या उभ्या खेटून, ऊन पहिलं त्यांना, आणि खाली सगळं ढोकळ्यासारखं जाळीदार, हवा फिरायला. पाण्यावर तरंगणाऱ्या कमळाला खाली खिडक्या ठेवून काय उपयोग, म्हणून त्याच्या वरच्या बाजूला.

पानफुटीने मात्र कमालच केलीय. ती खिडक्याच रात्री उघडते. तेव्हा हवा गार, पाणी कमी उडतं. पण रात्री ऊन नाही, मग चूल कशी पेटणार? तर रात्री आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड ती मॅलिक आम्ल करून साठवून ठेवते, सफरचंदात असतं तेच आम्ल, आणि पान एवढं जाड गुबगुबीत असतं ते त्यासाठीच, पेशींमधल्या मोठ्या मोठ्या पिशव्यांमध्ये पाणीही मावतं आणि ही आंबट शिदोरीही. दिवसा खिडक्या बंद, ऊन आलं की आम्लातून वायू सोडवून घ्यायचा आणि साखर करायची. संध्याकाळपर्यंत डबा रिकामा. म्हणून सपक! कोरफड, घायपात, अननस, निवडुंग सगळे याच कंपूतले, निवडुंगाने तर पानांचे काटे करून टाकले आणि स्वयंपाक खोडाकडे दिला. वाढतात मात्र सगळे निवांत. साठवण किती होणार त्यावरच दिवसाचं काम ठरतं ना.

हे सगळं मी जेवताना सांगत होते तर सासूबाई म्हणाल्या, "आमची ज्वारी पण दुपारी पानं मिटून घेते की." त्या सोलापूरकडच्या. आणि बरोबर आहे त्यांचं, पाणी कमी पडलं की गवताच्या जातीतल्या पानांवरच्या ठरावीक पेशी सैल पडतात आणि पानाची सुरळी होते, उघडं अंग कमी. पण ज्वारीचं खरं कौतुक आतमध्ये आहे. तिच्या पानाच्या प्रत्येक शिरेभोवती मोठ्या हिरव्या पेशींचं कडं असतं, हाबरलांट नावाच्या शास्त्रज्ञाने 1884 मध्ये त्याला जर्मन शब्द वापरला क्रांझ, म्हणजे फुलांचं कडं, आपण सरळ गजरा म्हणू. बाहेरच्या पेशी कार्बन डायऑक्साइड धरून या गजऱ्यात कोंबत राहतात, त्यामुळे खिडकी किलकिली ठेवूनही भागतं. ऊस, मका, बाजरीचंही तेच, आणि पालेभाजीतल्या माठाचंसुद्धा. भात-गव्हाकडे ही सोय नाही. तिकडे ज्वारीसारखाच कोरडवाहू भातही घेता आला असता तर आमच्या सासूबाईंना लहानपणी भात फक्त सणाला मिळाला नसता, असं आपलं मला वाटतं.

आमच्या हॉलमधला मनीप्लांट मात्र वेगळंच दुखणं घेऊन बसलाय. आणला तेव्हा पानांवर सुंदर पिवळे पट्टे होते, टीव्हीमागच्या अंधारात ठेवल्यावर नवीन पानं निव्वळ हिरवी यायला लागली. पिवळ्या भागात हरितद्रव्य कमी, म्हणजे कमाई कमी, आणि अंधारात ती चैन परवडत नाही. मी नर्सरीवाल्याला मनात फसवणूक फसवणूक म्हणत होते, चूक माझीच. काल कुंडी खिडकीशी सरकवायला घेतली आणि एक पान जवळ धरून बघत होते तर मागून सासूबाई ओरडल्या, "अगं ते नको चावूस, घसा धरंल!"