ड्रॉइंगच्या बाई

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण हातात पडलं आणि लिहायचं ते बाईंबद्दलच, हे लगेच ठरलं. नाव लिहायची गरज नाही. आमच्या काळातल्या कुणालाही 'ड्रॉइंगच्या बाई' एवढं पुरेल.

सातवीत बाईंनी अजिंठा शिकवला तो पुस्तक न उघडता. जोडतासाला मागच्या व्हरांड्यात माती, शेण आणि भाताचं तूस. प्रत्येक गटाला एक फळी. आधी मातीचा लेप, तो वाळला की चुन्याचा पातळ हात, मग रंग. एका गटाने तूस घातलंच नाही. सोमवारी त्यांच्या फळीला आडवेतिडवे तडे. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी ती फळी आमच्या फळीशेजारी ठेवली आणि विचारलं, "आता सांगा, त्या कारागिरांनी तूस का घातलं असेल?" दीड हजार वर्षं ती चित्रं भिंतीला कशी धरून राहिली, हे आम्हाला तिथे उभ्या उभ्या कळलं.

रंग म्हणजे गेरू, पिवडी, चुना, काजळी. निळ्यासाठी गटाला चिमूटभर नीळ. "पुरवून वापरा. तिथला निळा दगड अफगाणिस्तानातून यायचा!" आम्ही ती सगळी पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या हातातल्या कमळावर खर्च केली.

रंगवता रंगवता बाई सांगत, की १८७२ पासून चित्रकार ग्रिफिथ्स साहेबांबरोबर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी लेण्यांत बसून या चित्रांच्या प्रती केल्या आणि त्यातल्या कितीतरी १८८५ साली लंडनच्या संग्रहालयाला लागलेल्या आगीत जळाल्या. हे सांगताना दरवेळी त्यांचा आवाज जड व्हायचा.

आज मी जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करतो. चुन्याच्या गिलाव्यात ताग कशाला, असं नवा गवंडी विचारतो, तेव्हा मी त्याला दोन नमुने करून वाळवायला सांगतो. हे सगळं बाईंचं देणं आहे.

मध्यंतरी शाळेत आलो होतो. ड्रॉइंग हॉलमध्ये आता संगणक आहेत. चित्रकलेचा तास गणिताला जातो, आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसतात ती दहावीच्या वाढीव गुणांसाठी. फार वाईट वाटलं.

समारंभाला बाई येणार आहेत असं कळलं. संयोजकांना एकच विनंती: शाल-श्रीफळ द्याच, पण त्या दिवशी सातवीच्या मुलांना बाईंसमोर फळ्या लिंपू द्या. माती, तूस, चुना मी घेऊन येतो.