चिकाच्या गंजातलं प्रोटीन

मागच्या आठवड्यात रात्री दीड वाजता आमची गाय जनली. कालवड झाली. मी टॉर्च धरून कोठ्यात उभा, माय वासराचं तोंड पुसून राह्यली, अन् मागून नववीतला पुतण्या डोळे चोळत आला अन् पहिला सवाल काय, "काका, चीक कधी करायचा?" माय तिथूनच बोलली, "थांब न बाप्पा, पहिले तिचं पोट भरू दे, मंग तुह्यं."

मायचं बरोबर आहे, अन् तिला त्यामागचं सायन्स माहीत नाही तरी बरोबर आहे. माणसाच्या लेकराला आईच्या पोटातच थोड्याफार अँटिबॉडी, म्हणजे रोगाशी लढणारे शिपाई, मिळून जातात, पण गाईची वार (प्लासेंटा) त्या अँटिबॉडी आत जाऊच देत नाही, म्हणून वासरू जवळपास रिकाम्या हातानं जन्माला येतं. सगळी शिदोरी चिकात, म्हणजे जनल्यावरच्या पहिल्या घट्ट दुधात. त्यातही गंमत अशी की वासराच्या आतड्याची दारं ह्या अँटिबॉडीसाठी जन्मल्यावर साधारण एक दिवसच उघडी असतात, अन् दर तासाला मिटत जातात. म्हणून पहिल्या दोन-चार तासांत चीक पाजा म्हणतात. ह्या अँटिबॉडी म्हणजे प्रोटीनच. पहिल्या चिकात साध्या दुधापेक्षा चार-पाच पट प्रोटीन असतं.

सकाळी वासराचं झाल्यावर उरलेला चीक आला चुलीवर. गूळ, विलायची, गंजात (पातेल्यात) पाणी अन् आत डबा. पुतण्याचं सध्या एकच चालू आहे, रील पाहून पाहून, प्रोटीनचा डब्बा घेऊन द्या. त्याच्या डोक्यात प्रोटीन म्हणजे फुगलेले दंड. तर मी म्हटलं बस इथं, वडी होतपर्यंत ऐक.

प्रोटीन म्हणजे माळ आहे. अमिनो आम्लाचे मणी, प्रकार फक्त 20, त्यातले 9 आपल्या शरीराला बनवता येत नाहीत, खाण्यातूनच यावे लागतात. पण नुसती माळ काही कामाची नाही, ती ठराविक पद्धतीनं दुमडते, वेटोळी होते, अन् तो जो आकार होतो तो आकारच काम करतो. जेवण पचवणारी एन्झाइमं, रक्तातून ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन, साखर सांभाळणारं इन्सुलिन, केस, नखं, सगळी आकाराचीच कमाई. इन्सुलिन तर फक्त 51 मण्यांचं आहे, एवढुसं!

आता डब्यात काय होऊन राह्यलं? वाफेनं तो आकार मोडतो, माळा उलगडतात, एकमेकीत गुंततात, पाणी धरून बसतात अन् घट्ट वडी होते. अंड्याचं पांढरं उकडल्यावर होतं तेच. साधं दूध मात्र कितीही उकळा वडी नाही होत, कारण त्यात जास्त करून केसीन नावाचं प्रोटीन असतं अन् ते उष्णतेला भीत नाही, त्याला फाडायला लिंबू पायजे. वडीत मणी सगळे शाबूत आहेत, पोषण कुठंच गेलं नाही, पण अँटिबॉडीचं काम संपलं. अन् आपण कच्चं जरी प्यायलो तरी आपलं पोट त्या बहुतेक माळांचे मणी सुटे करणारच. पावडरचंही तेच भाऊ, त्यातली व्हे पावडर चीज बनवताना उरलेल्या निवळीतून निघते, अन् पोटात गेली की मणीच. ज्वारीत जो मणी कमी (लायसिन) तो तुरीत भरपूर, तुरीत जो कमी तो ज्वारीत, म्हणजे भाकर-वरण खाणारा काही मागे नाही.

एक मणी चुकला तर काय होतं हे आपल्या विदर्भात सांगायची गरज नाही खरं तर. सिकलसेल, आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. हिमोग्लोबिनची बीटा माळ 146 मण्यांची, त्यात सहावा मणी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. बस, एवढंच. व्हॅलिनला पाणी आवडत नाही, ऑक्सिजन सुटला की हिमोग्लोबिन एकमेकाला चिकटून लांब काड्या बनतात अन् लाल पेशी इळ्यासारखी वाकते, बारीक नळीत अडकते. माझ्या वर्गात एक पोट्टा होता, थंडी पडली की आठ-आठ दिवस शाळेत नाही. मास्तर त्याला आळशी म्हणायचे. आम्हीही हसायचो, त्याचं आजही वाईट वाटते. त्याच्या सांध्यात काय चालू असंल ते मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

पुतण्या गप्प झाला तर मी विषय कपाशीकडे वळवला. 2002 पासून आपण बीटी कपाशी लावतो, तिच्यात अळी मारणारं जे असतं तेही प्रोटीनच, बोंडअळीच्या आतड्यात ठराविक जागी चिकटतं अन् भोकं पाडतं. माणसाच्या आतड्यात ती जागाच नाही. पुढं गुलाबी बोंडअळीनं ती जागाच बदलली, कुलूप बदललं तर चावीचं काय? त्यावर बाबा फवारणीच्या खर्चावर घसरले अन् अर्धा तास तेच.

तोपर्यंत वडी झाली. चाकू घातला तर सुबक तुकडे पडले, अन् शेजारच्या दोन घरी वाट्या गेल्या. पुतण्यानं चार वड्या खाल्ल्या.

चौथ्या दिवशी त्यानं पुन्हा डबा चुलीवर चढवला, स्वतःच. पाऊण तास वाफवून झाकण काढलं तर आत गोड दूध. हलवलं, परत ठेवलं, तरी दूधच. माय हसली, "आता ते दूध झालं रे, चीक सरला." कालवड कोठ्यात उड्या मारून राह्यली होती.