पेटीची किल्ली

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असा निरोप आला आणि सर्वांत आधी मला मिलोची, म्हणजे लाल ज्वारीची, भाकरी आठवली.

१९७२ साली मी आठवीत होतो, बोर्डिंगात राहत होतो. (पुढे १९७५ मध्ये दहावीची पहिली बॅच म्हणून आमचीच परीक्षा झाली.) नगर जिल्ह्यात त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती. माझे आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडत होते. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळजवळ ५० लाख माणसे अशा कामांवर होती, हे मी पुढे कधीतरी वाचले. तेव्हा मला दिसत ते फक्त आईचे हात, बोटांना चिंध्या गुंडाळलेले. तिला कामावर सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची. आम्हाला बोर्डिंगात अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची भाकरी मिळायची, रात्रीच्या जेवणाला प्रत्येकी दीड. मावशी थापायच्या तेव्हाच तिला चिरा जायच्या. पंगतीत भोजनाची प्रार्थना म्हणताना डोळे मिटायचे असतात, पण त्या वर्षी सगळ्यांचे डोळे टोपलीवर असायचे.

मी खोलीचा मॉनिटर होतो. एका गुरुवारी संध्याकाळी मुंग्यांची रांग एका मुलाच्या पेटीखाली शिरताना मला दिसली. त्याचे नाव लिहीत नाही, तो हे वाचणार आहे. मी त्याच्याकडे किल्ली मागितली. तो देईना. मी ती त्याच्या करदोड्यातून ओढून काढली आणि खोलीतल्या सगळ्या मुलांसमोर पेटी उघडली. कपड्यांच्या खाली रुमालात भाकरीचे पाच अर्धे तुकडे होते, वाळून खडखडीत झालेले. मी रुमाल उंच धरला. कुणीतरी "चोर!" म्हणाले. तो म्हणत होता, "माझ्या वाटचे आहेत, मी न खाता ठेवलेत." मी ऐकले नाही. ते तुकडे नेऊन मी बोर्डिंगच्या गाईपुढे टाकले. आपण फार चोख काम केले, असे मला वाटत होते.

रात्री बोर्डिंगच्या सरांनी मला बोलावले. कंदील होता, भिंतीला छडी टांगलेली होती. त्यांनी छडीला हात लावला नाही.

"तुझ्या पेटीची किल्ली दे," ते म्हणाले.

मी दिली.

"उद्या सकाळी सगळ्यांसमोर तुझी पेटी उघडू. चालेल ना?"

माझ्या पेटीत चोरीचे काही नव्हते. आईच्या जुन्या लुगड्याचा एक तुकडा होता. रात्री दिवा मालवला की तो तोंडावर घेऊन मी झोपत असे. तेरा वर्षांच्या मुलाला हे चारचौघांत उघडे पडण्यापेक्षा मार परवडतो. मला रडू फुटले.

"काय आहे ते मला सांगू नकोस," सर म्हणाले. "ते तुझं आहे." थोडे थांबून म्हणाले, "तो तुकडे शनिवारी घरी नेतो. धाकटी बहीण आहे त्याला. मला ठाऊक होतं."

माझी किल्ली त्यांनी खिळ्याला अडकवली. पेटी त्यांनी उघडली नाही. रविवारी उपासना संपल्यावर त्यांनी काही न बोलता किल्ली माझ्या हातावर ठेवली.

त्या रविवारी त्यांनी बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय पहिल्यापासून वाचला. बारावे वचन आम्हाला पाठ होते. लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसेच आपण त्यांच्याशी वागावे, हे वचन शाळेच्या भिंतीवर रंगवलेले होते, पण एकटेच. सर म्हणाले, हे वचन कधी एकटे वाचू नका, ते ‘म्हणून’ने सुरू होते. कशावरून म्हणून? मग त्यांनी मागे नेले. अध्यायाच्या सुरुवातीला आहे, दुसऱ्याचा न्याय करत बसू नका. त्याच्या मागोमाग भावाच्या डोळ्यातले कुसळ आणि आपल्या डोळ्यातले मुसळ. नंतर येतो भाकर मागणारा मुलगा, आणि त्याच्या हातावर धोंडा ठेवील असा बाप तुमच्यात आहे का, हा प्रश्न. आकाशातला बाप हिशेब न विचारता देतो, म्हणून तुम्हीही तसेच वागा. दुष्काळातल्या त्या सकाळी बेंचावर बसलेल्या आमच्यातल्या बहुतेकांचे आईबाप धोंडे फोडत होते. भाकर आणि धोंडा हे दोन शब्द आम्हाला समजावून सांगायची गरज नव्हती.

"गावात ‘जशास तसे’ म्हणतात," सर म्हणाले. "प्रभू म्हणतो, समोरचा कसा वागला ते बघूच नका. त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्हाला काय हवं असतं ते आठवा, आणि आधी तुम्ही करा."

आमच्या संस्कृतच्या सरांनी एक सुभाषित शिकवले होते: जे आपल्याला नको वाटते ते दुसऱ्याशी करू नये. हिल्लेल या यहुदी गुरूंचा उपदेशही ‘करू नका’ असाच आहे, हे पुढे वाचनात आले. दोन्ही खरे आणि मोठे आहेत. पण नुसते ‘करू नका’ एवढेच असते तर मी सुटलो असतो. पुन्हा कुणाची पेटी उघडायची नाही, संपले. ‘करा’ म्हटल्यावर सुटका नव्हती, कारण गाईने खाल्लेली भाकरी राहिलीच होती.

पुढे मी एस.टी.त लागलो आणि शेवटची काही वर्षे तपासणीवर होतो. रस्त्यात गाडी थांबवायची, तिकिटे बघायची, वेबिल (कंडक्टरचा तिकिटांच्या हिशेबाचा कागद) घ्यायचे, कंडक्टरची रोकड मोजायची. भरल्या गाडीत, पन्नास माणसांच्या देखत बॅग पालथी करता येते. मी ती कधीच केली नाही. कंडक्टरला खाली घ्यायचो, गाडीच्या आडोशाला, आणि तिथे मोजायचो. पैसे कमी भरले तर अहवाल लिहायचो, त्यात कसूर केली नाही. दुसऱ्याशी आपल्यासारखे वागणे म्हणजे चूक पोटात घालणे, असा अर्थ काही जण लावतात. मला तो पटत नाही. माझी चूक सरांनी पोटात घातली नव्हती. त्यांनी फक्त मला माणसांत उघडे पाडले नाही. हात जोडून उभ्या असलेल्या कंडक्टरकडे बघताना मला दरवेळी खिळ्याला अडकवलेली ती किल्ली दिसायची.

पण सांगायचे राहिले ते त्या आठवड्याचे. त्या रविवारपासून मी रोज रात्री माझ्या दीड भाकरीतली अर्धी बाजूला ठेवली आणि खिडकीत वाळवली. कुणी सांगितले नव्हते. मंगळवारी भुकेने झोप लागली नाही, आणि त्या रात्री मला प्रथमच कळले की तो मुलगा हे कितीतरी दिवस करत आला होता. शनिवारी दुपारी तो घरी निघाला तेव्हा मी फाटकापाशी उभा होतो. त्याचाच रुमाल धुऊन त्यात तुकडे बांधले होते. "माझं चुकलं," म्हणालो. तो काहीच बोलला नाही. तिथेच उकिडवा बसला, रुमाल सोडला, तुकडे मोजले. सहा भरले.

"माझे पाचच होते," तो म्हणाला. सहावा तुकडा त्याने माझ्या हातावर ठेवला, रुमालाची गाठ मारली आणि गावाच्या वाटेला लागला.