हो एकटो कसो ओढतलो?

व्यंगचित्र तसं साधंच, निवडणुकीच्या टायमाला पेपरात येतं तसलं. टोपीवाला पुढारी किनाऱ्यावर उभा राहून जाळं ओढतोय, जाळ्यात माशांच्या जागी माणसं, प्रत्येकाच्या बोटाला शाई. शहरात कोणालाही दोन सेकंदात कळेल, पुढारी कोळी आणि मतदार मासे, हसा आणि पान उलटा. रूपक म्हणजे काही कवींची मक्तेदारी नाही, आपण रोजचा विचारच रूपकांतून करतो असं भाषाशास्त्रज्ञ लेकॉफ आणि तत्त्वज्ञ जॉन्सन यांनी 1980 साली मांडलं, त्याला हे एकदम फिट.

पण मी ते नेलं नववीच्या वर्गात, मालवणकडच्या. निम्म्या पोरांच्या घरी होडी नाहीतर जाळी. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, ही रापण हा. हो एकटो कसो ओढतलो?"

वर्ग खिदळला, पण पोराचं बरोबर होतं ना. रापणीला होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल सोडत जातात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि मग दोन्हीकडून ही भली मोठी रांग लागते ओढायला, आणि जो ओढतो त्याला मासळीत वाटा. चित्रकाराला बिचाऱ्याला नुसतं जाळं काढायचं असणार, पण ह्या पोरांच्या डोक्यात जाळं एकटं येतच नाही, दोर येतात, माणसं येतात, वाटा येतो, वाट्यावरून झालेली भांडणंपण येतात. भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फिलमोर ह्याला फ्रेम म्हणायचे, म्हणजे एक वस्तू पुढे आली की तिच्या भोवतीचा अख्खा प्रसंग मनात जागा होतो.

मग एकजण म्हणाली, "बाकीचे चित्राच्या भायर आसतले." की लगेच दुसरा, "मगे वाटो कोणाकोणाक?" झालं, वर्ग सुटलाच. कोणी ठेकेदार म्हणतंय, कोणी आणखी कोण (नावं लिहीत नाही, मला इथेच राहायचंय). फोकोनिए आणि टर्नर हे भाषेचे अभ्यासक म्हणतात की दोन कल्पना एकमेकींत मिसळल्या की दोन्हीत नसलेलं तिसरंच काहीतरी तयार होतं, ते मी आजवर पुस्तकातच वाचलेलं. रापणीवर ओढणारे सगळे उघड दिसतात, प्रचारात ते कोणी दाखवत नाही, पण चौकटीबाहेर लपून दोर ओढणारे वाटेकरी, हे कुठेच नव्हतं, ते वर्गात तयार झालं. चित्रकारालाही सुचलं नसेल हो!

हीच पोरं दुसऱ्या एका व्यंगचित्रातल्या शेअर बाजाराच्या उधळलेल्या बैलासमोर (बैल म्हणजे बाजारातली तेजी) मात्र गप्प. शेवटी एकाने अंदाज मारला, शेतकऱ्यांचं काहीतरी आंदोलन असेल. ह्याला कोणी ढ म्हणेल, मी नाही म्हणणार, मुंबईच्या पोराला रापणीत कुठे दिसलं असतं काय? आणि परीक्षेत मात्र 'चित्राचा आशय एका वाक्यात लिहा', उत्तर आधीच ठरलेलं, भोळे मतदार वगैरे.

बेल झाली तरी एकीचं संपेना. "बाई, ह्यातलो इसवण खंयचो आणि पेडवे खंयचे?" म्हणजे ह्यातली मोठी सुरमई कुठली आणि बारकी मासळी कुठली. म्हटलं, ते आता तुम्हीच ठरवा, आणि भूगोलाच्या सरांना वर्ग दिला.