बरोबर छापलेलं कार्ड

भावाच्या जुन्या कंपासपेटीत परवा एक कार्ड सापडलं. उजेडात जरा तिरकं धरलं की लखलखणारं, मधोमध मांजर म्हणावं की उंदीर असा एक प्राणी, आणि भोवती लेण्यातल्या भिंतीवरून उतरवून घेतल्यासारखी अक्षरं. काका अमेरिकेहून आले होते तेव्हा त्यांनी आणलेलं. 2000 साली तिथे पोकेमॉन या जपानी कार्टूनचा दुसरा सिनेमा लागला, तेव्हा तिकिटाबरोबर हे कार्ड फुकट हातावर ठेवत होते. चॉकलेटं वितळतील म्हणून काकांनी हे आणलं, असं आई अजून जरा रागानेच सांगते.

"आत्या, हे एन्शंट म्यू आहे!" भाचा जवळजवळ किंचाळला. म्यू हे त्या प्राण्याचं नाव. पाच मिनिटांत त्याने मोबाइलवर आकडा काढला. कुणीतरी याच कार्डाचे लाखभर रुपये मागितले होते. आई पोह्यांवर कोथिंबीर घालता घालता थांबली.

नाशिक जिल्ह्यात राहून मागितलेल्या भावावर विश्वास ठेवायचा म्हणजे कमालच. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा भाव किमान, कमाल आणि सरासरी असा तीन आकड्यांत सांगतात, आणि कमाल भाव नेहमी दुसऱ्याच कुणाच्या ट्रॅक्टरला मिळालेला असतो. मी भाच्याला म्हटलं, काय मागितलंय ते सोड, कितीला गेलंय ते बघ. विकल्या गेलेल्या कार्डांची यादी उघडल्यावर लाखातली शून्यं भराभर गळाली. सिनेमा पाहायला आलेल्या पोराटोरांना वाटलेलं कार्ड ते, ढिगाने छापलेलं. आई पुन्हा पोह्यांकडे वळली.

तसं फुकट मिळालं म्हणून कार्ड स्वस्तच असतं असं नाही. याच पोकेमॉनचं, जपानमधल्या एका मासिकाच्या चित्रस्पर्धेतल्या विजेत्यांना 1998 मध्ये दिलेलं पिकाचू नावाच्या दुसऱ्या प्राण्याचं कार्ड 2021 मध्ये 52 लाख 75 हजार डॉलरना विकलं गेलं. स्पर्धेत वाटलेली कार्डं होती अवघी 39. त्याही आधी, 1909 ते 1911 च्या सुमारास, अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटातून बेसबॉलपटूंची कार्डं निघत. त्यांतलं होनस वॅगनरचं फारच थोडं बाहेर पडलं, आणि 2022 मध्ये एक वॅगनर साडेबहात्तर लाख डॉलरना गेला. पाकिटासोबतचा पुठ्ठा तो! सिगारेट ओढून झाल्यावर तो फेकणाऱ्यांच्या नातवंडांचा विचार करून मला उगाच हळहळ वाटली.

मग आली अवस्था. कार्ड 63 बाय 88 मिलिमीटरचं, पण त्याची तपासणी मुलगी दाखवायच्या कार्यक्रमासारखी. चारही कोपरे टोकदार आहेत का, कडा पांढऱ्या पडल्यात का, पृष्ठभागावर ओरखडा आहे का, चित्र चौकटीत मधोमध बसलंय का. अमेरिकेत हे पाहून 1 ते 10 गुण देणाऱ्या कंपन्याच आहेत. गुण दिले की कार्ड जाड प्लास्टिकच्या पेटीत बंद. पाकीट न फोडलेलं असेल तर आणखी मान. आमचं पाकीट भावाने त्याच दिवशी दातांनी फाडलं होतं.

मला यात एक गोष्ट कधी पटणार नाही. नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसच्या क्वार्टर्समध्ये आम्ही पैलवानांच्या ट्रम्प कार्डांवर उन्हाळ्याची सुट्टी काढायचो. जिन्यात बसून. उंची, वजन, जिंकलेल्या कुस्त्या. अंडरटेकरचं कार्ड सगळ्या पोरांच्या हातून फिरून मऊ पडलेलं असायचं, अगदी दहाच्या जुन्या नोटेसारखं. कोपरे गोल, मधोमध घडी, मागे शाईने कुणाचं तरी नाव खोडून दुसऱ्याचं. आणि तेच सगळ्यांना हवं असायचं. कोरं करकरीत कार्ड कुणाकडे असलं, तर ते डावात काहीच जिंकत नाही हे सगळ्यांना कळायचं. तेव्हा वापरलं म्हणून मोल होतं, आता हात न लागल्याचं मोल आहे. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, "म्हणूनच तुमच्याकडे आज एकही उरलं नाही." कार्टं बोलायला हुशार आहे.

एवढ्यात बाबा उठून आले. नाशिकरोडला 'प्रेसमध्ये होते' म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. बाबांची सगळी नोकरी नोटांचे छापील ताव तपासण्यात गेली. रंग उतरलाय, नंबर सरकलाय, रेघ तुटलीय, की ताव बाजूला. चुकलेला कागद दाराबाहेर जाता कामा नये, एवढंच त्यांनी आयुष्यभर केलं. 2006 मध्ये खराब नोटेच्या जागी नंबरात चांदणी असलेली नोट घालायची पद्धत आली, तर लोक त्या चांदणीच्या नोटाही जास्त पैसे देऊन जमवायला लागले. बाबांना तो अपमानच वाटला होता.

भाच्याने त्यांना समजावून सांगितलं. जपानमध्ये 1999 साली हे कार्ड पहिल्यांदा निघालं तेव्हा खालच्या बारीक अक्षरांत निन्टेन्डो कंपनीच्या नावाची स्पेलिंग चुकली, मधला एक 'एन' गळाला. नंतर ती सुधारली. जमवणारे चुकलेलंच शोधतात.

"चुकलं म्हणून जास्त पैसे?" बाबांनी दोनदा विचारलं.

मग कपाटातून भिंग आणलं, खिडकीशी गेले, कार्ड कडांना धरून डोळ्यांजवळ नेलं. पृष्ठभागाला बोट लावलं नाही, हे मी पाहिलं. भाचा श्वास रोखून उभा.

"एन, आय, एन, टी, ई, एन, डी, ओ," बाबांनी एकेक अक्षर वाचलं. "बरोबर आहे." आवाजात इतकं समाधान होतं की भाच्याचा पडलेला चेहरा त्यांना दिसलाच नाही.

पोहे झाले होते. आईने हाक मारली. बाबा जागचे हलले नाहीत. कार्ड उलटंपालटं करून पुन्हा सुलटं धरलं, भिंग डाव्या कडेवर नेलं आणि तिथेच थांबवलं.

"चौकट अर्धा मिलिमीटर सरकलीय," ते म्हणाले. "आमच्याकडे पास झालं नसतं."