हंटरच्या पंखावरचं केशरी

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका डाय हाऊसमध्ये, म्हणजे सूत रंगवायच्या कारखान्यात, मी टॉवेलच्या सुताची शेड जुळवतो. बावीस वर्षं हेच काम. तरीही विमानाच्या मॉडेलवर भारतीय हवाई दलाच्या खुणेचं, रुपयाच्या नाण्याच्या निम्म्या आकाराचं एक केशरी-पांढरं-हिरवं वर्तुळ जुळवायला मला चार महिने लागले.

मॉडेल होतं हॉकर हंटर या लढाऊ विमानाचं, १:७२ म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याचं. खरं विमान साधारण चौदा मीटर लांब, माझ्या टेबलावर एकोणीस सेंटिमीटर. किट ब्रिटिश हवाई दलाच्या थाटाचं, त्यामुळे आतली डेकल्स, म्हणजे चिकटवायची छापील चित्रं, लाल-पांढऱ्या-निळ्या वर्तुळांची. मला तर डिसेंबर १९७१ मध्ये जैसलमेरहून उडून लोंगेवालाला रणगाडे फोडणारं हंटर करायचं होतं. भारतीय वर्तुळांचं वेगळं डेकल मागवलं. त्यातलं केशरी म्हणजे संत्र्याची गोळी, आणि पंखावर चिकटवल्यावर खालचा गडद हिरवा त्यातून वर आला. काढून टाकलं. हातानेच रंगवायचं ठरवलं.

आत्मविश्वास होता, कारण त्याआधी दुसऱ्या महायुद्धातल्या हरिकेन या लढाऊ विमानाचं मॉडेल केलं होतं. पुढे हवाई दलप्रमुख झालेले अर्जन सिंग ज्या एक नंबर स्क्वाड्रनचं नेतृत्व करत १९४४ मध्ये इंफाळला लढले, त्या स्क्वाड्रनचं. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरच्या विमानांच्या वर्तुळातून लाल रंग काढून टाकलेला होता, कारण जपानी विमानांवर लाल गोळा असायचा आणि घाईत आपल्याच माणसाने आपलंच विमान पाडलं असतं. बाहेर गडद निळा, आत फिका निळा. गडद निळ्यात पांढरा घालत गेलो, एका संध्याकाळी काम संपलं. स्वातंत्र्यानंतर काही काळ निळं अशोकचक्र होतं, आणि १९५० पासून आजचं वर्तुळ आलं: बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. हिरव्याने त्रास दिला नाही. केशरीने दिला.

आधी तामिया या मॉडेलचे रंग करणाऱ्या कंपनीचा ऑरेंज, एक्स-६, डबीतून सरळ लावला. भडक. मग फोटो गोळा केले, अकरा. प्रत्येकात केशरी वेगळं. एकात विटकरी, एकात आंबा, एकात जवळजवळ लाल. कृष्णधवल फोटोंचा तर काहीच उपयोग नाही. जुनी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल पकडतच नसे, तिच्यावर असलं केशरी काळपट उमटणार. उघड्यावर मांडून ठेवलेल्या विमानांवरही माझा भरवसा नाही. ऊन खातात, मग कुणीतरी मिळेल त्या डब्यातून नवा हात मारतं.

मी सगळ्या फोटोंची सरासरी काढल्यासारखी एक शेड केली, रात्री ट्यूबलाइटखाली पास केली आणि झोपलो. सकाळी गच्चीवर नेली तर ती गाजराची. नवीन पोरांनी ट्यूबखाली शेड पास केली की मी त्यांना झापतो. घरी मीच तेच केलं होतं.

शेवटी आमच्या डाइंग मास्तरांना चहाच्या वेळी मोबाइलवर फोटो दाखवला. वय सत्तरीच्या पुढे, घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. त्यांनी केशरीकडे बघितलंच नाही.

“पांढरं बघ की आधी,” म्हणाले. “हे पांढरं हाय का? साय धरलीय याच्यावर. मग केशरी खरं कसं असंल?”

वर्तुळाच्या मधोमध पांढरं कडं होतंच, चार महिने माझ्या डोळ्यांसमोर. मापाची पट्टी चित्रातच होती आणि मी ती सोडून बाकी सगळं मोजत होतो. घरी येऊन कॉम्प्युटरवर प्रत्येक फोटोतलं ते कडं आधी खरं पांढरं करून घेतलं, मग केशरीकडे बघितलं. अकरापैकी सात फोटो एकमेकांच्या जवळ आले. उरलेले चार फार जळलेले होते, ते बाद. जे निघालं ते गोंड्याच्या फुलापेक्षा थोडं दबलेलं, लालापेक्षा पिवळ्याकडे झुकणारं.

आता मिश्रण. आईसक्रीमचे पांढरे प्लास्टिकचे चमचे घेतले, पाठीवर नंबर टाकले. चौथ्या चमच्यावर जमलं: ऑरेंज दहा थेंब, लेमन यलो तीन, पांढरा दोन आणि काडीच्या टोकावर मावेल एवढा निळा. हा निळा रंगाऱ्याचा. केशरी ओरडायला लागलं की त्याच्या विरुद्धचा रंग चिमूटभर घालून त्याला गप्प करायचं. पांढरा घातला तो मॉडेलसाठी. एवढ्या लहान आकारावर खरा रंग जसाच्या तसा लावला तर तो गडद वाटतो; लांबचं विमान हवेमुळे फिकं दिसतं, तो फिकेपणा आपणच आणायचा. चमचे पुरते वाळू दिले आणि डाय हाऊसच्या लाइट बॉक्समध्ये दिवसाच्या उजेडाच्या दिव्याखाली ठेवले. मास्तरांनी विचारलं ते एवढंच: “ओलं असताना पास केलं नाहीस ना?”

रंगवणं मेमध्ये आलं, ही माझी चूक. दुपारी बेचाळीस अंश, एअरब्रशच्या तोंडावरच रंग वाळायचा. पहाटे साडेपाचला गच्चीवर बसायला लागलो. त्या वेळी शेजारच्या मागांची पहिली पाळी सुरू व्हायची आणि सुताचे तंतू ओल्या रंगावर येऊन बसायचे. दोनदा घासून काढलं. तिसऱ्यांदा पंखाभोवती ओलं फडकं बांधलं, तेव्हा जमलं. आधी पूर्ण पांढरी चकती, कारण केशरी हिरव्यावर उभंच राहत नाही. मग कंपासच्या कटरने कापलेली टेप. टेपच्या कडेवर आधी पारदर्शक वार्निशचा एक हात, म्हणजे खाली शिरलाच तर वार्निश शिरेल, केशरी नाही. मग केशरी, शेवटी आतला हिरवा.

चार वर्तुळं पंखांवर, दोन अंगावर. टेप काढताना पाच सुरीने कापल्यासारखी निघाली. सहावं, डाव्या पंखाच्या वरचं, तिथे वार्निशचा हात द्यायचा राहिला होता. पांढऱ्या कड्यात केशरीचा एक केसाएवढा ओघळ गेला आहे. खरवडायला गेलो असतो तर पांढरंही गेलं असतं. कपाटात हंटर डावा पंख भिंतीकडे करून ठेवलंय.